अपडेटनंतर ब्राउझरची पाने विस्कटतात तेव्हा

संगणकाचे किंवा ब्राउझरचे अपडेट झाले आणि त्यानंतर पाने विस्कटलेली दिसू लागली, की बहुतेक जण पहिला उपाय म्हणून ब्राउझर काढून टाकतात आणि नव्याने बसवतात. हा उपाय क्वचितच लागू पडतो. ब्राउझर काढला तरी त्याचा प्रोफाइलचा फोल्डर सहसा जागेवरच राहतो, आणि पासवर्ड, बुकमार्क, एक्स्टेंशन (ब्राउझरला जोडलेले छोटे पूरक प्रोग्राम), सेटिंग्ज हे सगळे त्यातच असते. दोष त्या फोल्डरमध्ये असेल तर नव्याने बसवलेला ब्राउझर तोच दोष पुन्हा उचलतो. दोष ग्राफिक्स ड्रायव्हरमध्ये (ग्राफिक्स चिप चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये) किंवा फॉन्टमध्ये असेल तर ब्राउझरला हात लावून काहीच साधत नाही. शिवाय घाईत प्रोफाइलच पुसली गेली तर साठवलेले पासवर्ड जातात ते वेगळेच. म्हणून काहीही पुसण्यापूर्वी दोष कोणत्या थरात आहे हे आधी ठरवावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

त्याही आधी संगणक एकदा नीट पुन्हा सुरू करावा. लिनक्सवर ब्राउझर उघडा असतानाच त्याच्या फायली बदलल्या जाऊ शकतात, आणि मग नवी पाने कोरी दिसतात किंवा उघडतच नाहीत. विंडोज १० आणि ११ मध्ये आणखी एक खाच आहे. तेथे 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर 'शट डाउन' केल्यावर ड्रायव्हरसकट प्रणालीची स्थिती डिस्कवर जपून ठेवली जाते आणि पुढच्या वेळी तीच उचलली जाते. 'रीस्टार्ट' केले तरच सगळे नव्याने सुरू होते. रोज रात्री संगणक बंद करणाऱ्या माणसालाही म्हणूनच अपडेटनंतर एकदा मुद्दाम 'रीस्टार्ट' निवडावे लागते.

आमच्या गावातील वाचनालयात स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले अर्ज भरण्यासाठी संगणक वापरतात. तेथील एका लिनक्स संगणकावर प्रणालीचे अपडेट झाल्यानंतर क्रोमियमवर (क्रोमचाही पाया असलेल्या मुक्त ब्राउझरवर) आधारलेला ब्राउझर पाहण्यासारखा राहिला नव्हता. अक्षरांच्या जागी रंगीत ठिपक्यांचा चुरा दिसे, माऊसचा बाण एखाद्या बटणावर नेला की तेवढे बटण क्षणभर स्वच्छ उमटे आणि बाण बाजूला होताच पुन्हा विस्कटे. अर्जाच्या पानावर मधूनच दुसऱ्या टॅबमधील पट्टी चिकटलेली दिसे. ग्रंथपाल बाई म्हणाल्या, "सर, काढून पुन्हा टाकून पाहिला, तरी तेच." त्याच संगणकावर फायरफॉक्समध्ये मात्र तेच पान स्वच्छ दिसत होते.

एवढ्यावरून बरेच कळते. दुसऱ्या ब्राउझरमध्ये पान नीट दिसते, म्हणजे संकेतस्थळ आणि पडदा दोन्ही ठीक आहेत. एक्स्टेंशन बंद करूनही चुरा कायम राहिला, म्हणजे त्यांचाही संबंध नाही. (एरवी पाने काळी किंवा कोरी दिसण्यामागे अपडेटशी न जुळणारे डार्क मोडचे एक्स्टेंशन असू शकते, म्हणून ही पायरी गाळू नये.) मग ब्राउझरच्या सेटिंग्जमधील 'सिस्टीम' विभागात जाऊन ग्राफिक्स अ‍ॅक्सलरेशन, म्हणजे पान रंगवण्यासाठी ग्राफिक्स चिपची मदत घेणे, बंद केले आणि ब्राउझर पुन्हा सुरू केला, तेव्हा पान लख्ख झाले. दोष ग्राफिक्सच्या थरात आहे, हे येथे पक्के झाले.

अनेक जण येथेच थांबतात आणि अ‍ॅक्सलरेशन कायमचे बंद ठेवतात. मला हे पटत नाही. ते बंद असले की पान रंगवण्याचा सगळा भार मुख्य प्रोसेसरवर पडतो. जुन्या संगणकावर व्हिडिओ अडखळतो, पंखा जोराने फिरू लागतो आणि लॅपटॉप असेल तर बॅटरी लवकर उतरते. निदानासाठी ही चाचणी उत्तम आहे, पण तिला उपचार समजू नये.

या प्रकारात खरा दोष बऱ्याचदा जुन्या साठवणीत असतो. पान रंगवण्यासाठी ब्राउझर ग्राफिक्स चिपकडे शेडर नावाचे छोटे छोटे प्रोग्राम पाठवतो. ते त्या त्या ड्रायव्हरच्या भाषेत उतरवण्यास वेळ लागतो, म्हणून एकदा उतरवलेले शेडर डिस्कवर जपून ठेवले जातात. पुढे ड्रायव्हर बदलला आणि हा बदल ब्राउझरच्या लक्षात आला नाही, तर तो जुन्या ड्रायव्हरसाठी तयार केलेले शेडर नव्या ड्रायव्हरला देत राहतो आणि पडद्यावर चुरा उमटतो. २०२३ च्या सुरुवातीला उबंटू २२.०४ या लिनक्स प्रणालीवर मेसा या ग्राफिक्स संचाचे नवे संस्करण आले, तेव्हा क्रोमियम घराण्यातील ब्राउझरांत असाच प्रकार अनेकांना दिसला होता आणि ही साठवण पुसल्यावर तो गेला होता.

ती पुसताना ब्राउझर पूर्णपणे बंद असावा. खिडकी मिटली तरी तो मागे चालू राहू शकतो, हे तपासून घ्यावे. लिनक्सवर आपल्या होम फोल्डरमध्ये कंट्रोल आणि एच ही बटणे दाबली की बहुतेक फाइल मॅनेजरांत लपलेले फोल्डर दिसू लागतात. त्यांपैकी 'डॉट कॉन्फिग'मध्ये सहसा ब्राउझरच्या नावाचा फोल्डर असतो. त्यातील 'शेडरकॅशे' व 'जीआरशेडरकॅशे' आणि आतील 'डिफॉल्ट' प्रोफाइलमधील 'जीपीयूकॅशे' एवढेच फोल्डर काढावेत. ब्राउझर ते पुन्हा तयार करतो. पासवर्ड आणि बुकमार्कना धक्का लागत नाही. वाचनालयातील संगणकावर एवढे केले, अ‍ॅक्सलरेशन पुन्हा चालू केले आणि पाने पूर्ववत झाली.

फायरफॉक्समध्ये अशी गडबड झाली तर मदतीच्या मेनूतील 'ट्रबलशूट मोड' फार उपयोगी पडतो, कारण त्यात एक्स्टेंशन, थीम आणि हार्डवेअर अ‍ॅक्सलरेशन तिन्ही तात्पुरती बंद होतात. तेथे पान नीट दिसले तर शोध बहुधा या तिघांपुरता उरतो. पत्त्याच्या पट्टीत रोमन लिपीत 'अबाउट', मग कोलन आणि त्याला जोडून 'सपोर्ट' लिहिले की उघडणाऱ्या पानावरील ग्राफिक्स विभागात 'वेबरेंडर' लिहिलेले आहे की त्यापुढे 'सॉफ्टवेअर' असेही आहे, ते पाहावे. पुढे 'सॉफ्टवेअर' असेल तर ब्राउझर ग्राफिक्स चिप वापरत नाही असे समजावे.

अक्षरे फक्त मोठी किंवा लहान दिसत असतील तर प्रथम कंट्रोल आणि शून्य दाबून झूम मूळ पदावर आणावा आणि मग प्रणालीचे स्केलिंग (पडद्यावरील सगळ्या गोष्टी किती मोठ्या दाखवायच्या ही सेटिंग) पाहावे.

मराठी वाचकाला भेडसावणारा दुसरा मोठा प्रकार फॉन्टचा आहे, आणि त्यावर ग्राफिक्सचे उपाय करून काहीच होत नाही. अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन दिसले तर देवनागरी फॉन्टच सापडत नाही. 'स्थिती' या शब्दातील पहिली वेलांटी चुकीच्या जागी पडली किंवा जोडाक्षरे पाय मोडून सुटी झाली, तर फॉन्ट आहे, पण त्यात अक्षरजुळणीचे नियम नाहीत किंवा ते लागू होत नाहीत. विंडोज १० पासून 'मंगल' हा फॉन्ट सर्व संगणकांवर आपोआप येत नाही. तो 'अपराजिता', 'कोकिला' आणि 'उत्साह' यांच्यासह देवनागरीच्या पुरवणी फॉन्ट संचात गेला आहे आणि 'ऑप्शनल फीचर्स'मधून बसवता येतो. एरवी 'निर्मला यूआय' देवनागरीचे काम करतो. ब्राउझर प्रत्यक्षात कोणता फॉन्ट वापरत आहे याचा अंदाज बांधत बसू नये. फायरफॉक्समध्ये बिघडलेल्या शब्दावर उजवी कळ दाबून 'इन्स्पेक्ट' निवडल्यावर 'फॉन्ट्स' या पट्टीत त्याचे नाव दिसते, आणि क्रोममध्ये ते 'कम्प्युटेड' पट्टीच्या तळाशी असते.

इतक्या त्रासानंतर अपडेटच बंद करून टाकावीत असे काहींना वाटते, परंतु त्यांतूनच सुरक्षेच्या दुरुस्त्या येतात, तेव्हा तो मार्ग मी कोणालाही सुचवणार नाही. क्रोम आणि फायरफॉक्स यांची नवी मोठी संस्करणे गेली काही वर्षे साधारण दर ४ आठवड्यांनी येत आली आहेत. ज्या संगणकावर अनेक जण अवलंबून आहेत, तेथे फायरफॉक्सची ईएसआर ही आवृत्ती मला अधिक योग्य वाटते, कारण तिच्यात सुरक्षेच्या दुरुस्त्या नियमित येतात आणि मोठे बदल वर्षातून साधारण एकदाच होतात. वाचनालयात अर्ज भरण्यासाठी आता तीच ठेवली आहे.