इंग्रजी इडियम्स + जाहिराती : या वेळचं अपडेट

मंडळी, इडियमच्या याद्या पाठ करणं बंद केलंय, डोक्यात काही राहतच नाही. त्यापेक्षा जुन्या जाहिराती काढून बसतो, आणि सध्या नाद लागलाय तो जाहिरातीतून निघून रोजच्या बोलण्यात घुसलेल्या वाक्यांचा.

सगळ्यात आवडलेलं म्हणजे 'डझ एक्झॅक्टली व्हॉट इट सेज ऑन द टिन'. ब्रिटनमध्ये रॉनसील म्हणून लाकडाला लावायचं वार्निश वगैरे मिळतं, त्याची ही १९९४ची टॅगलाइन. डब्यावर लिहिलंय तेच काम करतं, एवढंच, कसली कविता नाही की काही नाही. पण लोकांनी ते उचललं आणि माणसांना, योजनांना, कशालाही लावायला लागले, इतकं की २०१३मध्ये पंतप्रधान कॅमरून आपल्या आघाडी सरकारलाच 'रॉनसील डील' म्हणाले. हा संदर्भ माहीत नसेल तर डिक्शनरी उघडून काय कप्पाळ कळणार?

अमेरिकेत तसंच 'व्हेअर्स द बीफ?'. १९८४ची वेंडीज या बर्गरवाल्या कंपनीची अ‍ॅड, हा एवढा मोठा पाव, आत बीफचा एवढासा तुकडा, आणि एक आजी खणखणीत आवाजात विचारतायत. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठीच्या डेमोक्रॅट्सच्या डिबेटमध्ये मोंडेल यांनी प्रतिस्पर्धी गॅरी हार्टच्या 'नव्या कल्पनां'वर तोच प्रश्न फेकला. म्हणजे गप्पा खूप, माल कुठाय?

उलट्या दिशेचं पण थोडं बघितलं, म्हणजे चालू वाक्प्रचार मोडून केलेली अ‍ॅड. 'थिंक बिग' म्हणणाऱ्या अमेरिकेत फोक्सवॅगनने १९५९मध्ये 'थिंक स्मॉल' छापलं, पानभर मोकळी जागा आणि कोपऱ्यात चिमुकली बीटल गाडी. भारी आहे, पण यावर सगळेच लिहितात. मला त्याहून १९७८चं 'लेबर इझन्ट वर्किंग' हे पोस्टर जास्त आवडतं, ब्रिटनमध्ये थॅचरबाईंच्या पक्षासाठी साची अँड साची या जाहिरात कंपनीने केलेलं, बेकारांची लांबच लांब रांग, तीन शब्दांत मजूर पक्षही नापास आणि कामगारही बेकार. (रांगेतले लोक खरे बेकार नव्हतेच, पक्षाचे तरुण कार्यकर्ते होते, आणि तेही कमी आले म्हणून तेच चेहरे फोटोत पुन्हा पुन्हा चिकटवले!)

वहीत आता प्रत्येक टॅगलाइनखाली ती नंतर कुठल्या बातमीत किंवा भाषणात वापरली गेली ते एक वाक्य लिहितो, त्याने पक्कं बसतं. पुढे एव्हिस या भाड्याने गाड्या देणाऱ्या कंपनीचं 'वी ट्राय हार्डर' घेणारे. ऑस्ट्रेलियातलं असं काही कोणाला माहीत असेल तर टाका.