जपानमध्ये अजून फॅक्स का?

सुट्टीत जपानहून पुण्याला आलो की हमखास विचारलं जातं, "बुलेट ट्रेन इतकी वेळेवर धावते, मग जपानी ऑफिसात फॅक्स कसा काय टिकला?" आता तुम्हीही विचारलंत म्हणून जरा नीट सांगतो.

म्हाताऱ्यांचा देश, त्यांना नवं काही नको असतं, हे उत्तर मला पटत नाही. याच देशात १९९९ साली आय-मोड या सेवेमुळे मोबाइलवर इंटरनेट आलं आणि २००१ पासून लोक सुइका हे रेल्वेचं कार्ड टेकवून स्टेशनात जाऊ लागले. ऐंशीच्या आजीही ते सहज वापरतात. अडतं ते ऑफिसच्या आत, आणि फॅक्स टिकलाय तोही तिथेच.

जपानमधले जवळपास ७० टक्के आयटी इंजिनिअर आयटी कंपन्यांतच नोकरी करतात. ज्या कारखान्याची किंवा पालिकेची सिस्टीम असते, तिथे ती आतून जाणणारं फारसं कुणी नसतं. काम मोठ्या व्हेंडरकडे, म्हणजे सिस्टीम बनवून देणाऱ्या कंपनीकडे जातं, तो खालच्या कंपनीला देतो, ती आणखी खाली. या उतरंडीत मी बराच खाली आहे. आमच्याकडे स्पेसिफिकेशन, म्हणजे काय बनवायचं याचा तपशील, येतं ते एक्सेलमध्ये. सगळे रकाने बारीक चौकोनी करून आलेखाच्या वहीसारखं पान आखलेलं, कुठे कुठे एका चौकोनात एकच अक्षर. छापलं की देखणं दिसतं, पण त्यातली माहिती प्रोग्रामने उचलायची म्हटली की घाम फुटतो. टेस्टिंगमध्ये प्रत्येक पायरीचा स्क्रीनशॉट एक्सेलमध्ये चिकटवायचा, त्यावर लाल चौकट काढायची आणि पुरावा म्हणून वर पाठवायचा. हे करणारी माणसं विलक्षण काटेकोर असतात, त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. म्हणूनच त्यांची मेहनत कागदाची शिस्त स्क्रीनवर उतरवण्यात खर्ची पडते याचं फार वाईट वाटतं. मूळ पद्धतच बदलू या, असं म्हणायचा अधिकार आम्हाला नसतो. ज्यांना असतो त्यांना सिस्टीम ठाऊक नसते.

२०२० मध्ये याची किंमत सगळ्यांना दिसली. कोरोनाकाळात सरकारने प्रत्येकाला एक लाख येन द्यायचं ठरवलं. ऑनलाइन अर्ज केंद्राच्या पोर्टलवर, रहिवाशांची नोंद पालिकेकडे, आणि दोन्ही एकमेकांना जोडलेलं नाही. कर्मचारी अर्ज छापून एकेक नाव डोळ्यांनी पडताळत बसले. शेवटी कित्येक पालिकांनी ऑनलाइन अर्ज बंद करून लोकांना पोस्टाने पाठवायला सांगितलं.

त्यानंतर हालचाल झाली, हे मान्य करायलाच हवं. सप्टेंबर २०२१ मध्ये सरकारी कामकाज डिजिटल करण्यासाठी डिजिटल एजन्सी हे नवं खातं आलं. तेव्हाचे मंत्री तारो कोनो यांनी सरकारी कामात सहीऐवजी मारायचे बहुतेक शिक्के हटवले, २०२४ पर्यंत फ्लॉपी मागणारे नियमही जवळपास सगळे काढले. पण ते नियम होते, बदलता आले.

खरं अवघड काम आत्ताचं आहे. देशातल्या १,७४१ पालिकांची २० मुख्य कामं एकसारख्या सिस्टीमवर आणायची होती, मुदत मार्च २०२६. ती सगळ्यांना गाठता येणार नाही हे खूप आधीच कळून चुकलं होतं, कारण व्हेंडरकडे इंजिनिअर पुरेसे नाहीत आणि पालिकांकडे स्वतःचे जवळपास नाहीतच.