पाय पुढे करताना

येशूच्या बारा शिष्यांपैकी एक असलेल्या प्रेषित याकोबाची म्हणून मानल्या जाणाऱ्या कबरीकडे, म्हणजे स्पेनमधील सांतियागो दे कॉम्पोस्तेला या नगरीकडे जाणाऱ्या यात्रामार्गाला ‘कामिनो’ म्हणतात. त्यातली फ्रान्सच्या सीमेलगत सुरू होणारी प्रसिद्ध वाट सुमारे ७८० किलोमीटरांची आहे. मी ती बुर्गोस शहरापासून धरली. गेली अनेक वर्षे मी चर्चमध्ये आजाऱ्यांच्या भेटी, वाचन, प्रार्थनासभेची तयारी असे पडेल ते काम करत आलो होतो, आणि तरीही कोणी दखल घेतली नाही की दिवसभर माझे मन खट्टू होत असे. ही खंत वाटेवर गळून पडावी, एवढेच देवाकडे मागणे होते.

तिसऱ्या दिवशी कास्त्रोखेरिसपुढचा मोस्तेलारेसचा उभा चढ चढून पठारावर आलो, तेव्हा डाव्या टाचेचा फोड फुटून मोजा कातडीला चिकटला होता. बरोबरच्या एका यात्रेकरूने माझी पाठपिशवी घेऊ का, असे विचारले. मी नको म्हटले. त्याने पुन्हा विचारले, मी पुन्हा नको म्हटले, आणि त्या नकाराला मनातल्या मनात ‘दुसऱ्याला त्रास नको’ असे सोज्वळ नाव दिले.

पिसुएर्गा नदीवरच्या अकरा कमानींच्या पुलाअलीकडे संत निकोलसचे एक जुने दगडी चर्च आहे. इटलीतील एका बंधुसंघाचे सेवेकरी तिथे यात्रेकरूंना आसरा देतात आणि संध्याकाळी मेणबत्त्यांच्या उजेडात प्रत्येकाचा एक पाय धुतात. माझी पाळी आली तेव्हा मी उजवा, धड असलेला पाय पुढे केला. समोर गुडघ्यांवर बसलेल्या वयस्कर सेवेकऱ्याने मला लंगडत आत येताना पाहिले असावे. त्याने काही न बोलता डाव्या पायाकडे बोट दाखवले. मोजा निघताना कातडी ओढली गेली. त्याने तांब्यातून हळूहळू पाणी सोडले, घंगाळातले पाणी किंचित लालसर झाले, टॉवेलने पाय टिपून तो वाकला आणि त्याने त्या पायाचे चुंबन घेतले. मला तिथून उठून जावेसे वाटत होते.

येशूने शेवटच्या भोजनाच्या रात्री शिष्यांचे पाय धुतले, तेव्हा पेत्र या शिष्यानेही त्याला आपले पाय धुऊ द्यायला नकार दिला होता. त्या नकारात मला आजवर पेत्राची नम्रताच दिसत असे. त्या रात्री अंथरुणावर पडल्यावर मात्र वाटले, की सेवा करणारा नेहमी उभा असतो आणि सेवा घेणाऱ्याला बसावे लागते. मला ते बसणेच नको होते. सकाळी त्या सहयात्रीने पुन्हा विचारले, तेव्हा मी पिशवी काढून त्याच्या हाती दिली.

पुढच्या वाटेवर याकोबाचा विचार सतत सोबतीला होता. आपला भाऊ योहान याच्यासह येशूच्या उजव्याडाव्या हाताला बसण्याची जागा मागणारा हाच तो याकोब. येशूने त्याला हाकलून दिले नाही. ‘मी पिणार आहे तो प्याला तुम्हांला पिता येईल का’ असे विचारले, आणि जो मोठा होऊ पाहतो त्याने सर्वांचा सेवक व्हावे, असे सर्व शिष्यांना सांगितले. पुढे हेरोद राजाने याकोबाला तलवारीने मारले. जागा मागणाऱ्याच्याच कबरीकडे एवढी माणसे शतकानुशतके पायी जातात, याचा मला मोठा धीर वाटतो.

परतल्यावर संत बेनेडिक्टची मठवासीयांसाठीची सहाव्या शतकातील नियमावली पुन्हा उघडली. तिच्या सातव्या प्रकरणात नम्रतेच्या बारा पायऱ्या आहेत, पण मला खरी भावली ती पस्तिसाव्या प्रकरणातली व्यवस्था : स्वयंपाकघरातली आठवड्याची पाळी संपवणाऱ्याने आणि नवी पाळी घेणाऱ्याने मिळून सर्वांचे पाय धुवायचे. मन तयार होण्याची वाट तिथे पाहिली जात नाही, आणि पाळी नसलेल्यांना आपले पाय पुढे करावेच लागतात.

गेल्या रविवारी मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, मी बायबलमधले चुकीचे वाचन सुरू केले. वेदीसेवक मुलगा जवळ येऊन हळूच म्हणाला, “काका, हे पुढच्या आठवड्याचं आहे.” पान आधीच कोणीतरी उलटले होते, हे सांगायला मी तोंड उघडले आणि मिटले. “बरोबर आहे, दाखव,” म्हणून मी पुस्तक त्याच्याकडे सरकवले. त्याने दोन पाने मागे उलटली, ओळीवर बोट ठेवले आणि मी वाचू लागेपर्यंत ते उचलले नाही.