फळी टोचून पाहिली आज

विमा कंपनीच्या सर्व्हेअरने स्क्रू ड्रायव्हरचं टोक होडीच्या फळीत दोनदा टोचलं. आत गेलं नाही. तरी म्हणाला, "लाकूड चांगलं आहे हो काका, पण होडीचं वय झालंय."

काका काहीच बोलले नाहीत. फळीवर हात ठेवून नुसते उभे राहिले. दापोली तालुक्यातल्या आंजर्ल्याच्या खाडीकाठी ताडपत्रीखाली गेल्याच आठवड्यात त्यांनी सांध्यांत कापूस भरून घेतलाय. रंगाचा वाससुद्धा अजून गेलेला नाही.

होडी 24 वर्षांची. विमा मिळेल, पण हप्ता वाढीव आणि रक्कम एवढीशी की त्यात नवं इंजिनही यायचं नाही. तेही होडी पूर्ण गेली तरच. पाण्याखालचा पंखा तुटला, फळी फुटली, तर खर्च आपलाच.

3 जून 2020 चं निसर्ग वादळ दापोलीकरांना सांगायला नको.

नव्या होडीला कर्ज देताना बँकच विमा काढायला लावते. ज्याचं कर्ज फिटलं, ज्याची सगळी पुंजी या एका जुन्या होडीत आहे, तो मात्र उघड्यावर.

1 ऑगस्टला पावसाळी मासेमारीबंदी उठेल. काका आणि सहा खलाशी जाणारच समुद्रात.

किंमत सालावरूनच ठरवायची होती, तर फळी टोचून कशाला पाहिली?