शायान: आधी रूळ, मग गुरं

वायोमिंगची राजधानी शायान आमच्या कोलोरॅडोतल्या फोर्ट कॉलिन्सपासून गाडीने तासाभराच्या आत. भारतातून कुणी आलं की मी त्यांना तिथे नेतेच. पाहुणे उतरल्या उतरल्या चौकातल्या माणसापेक्षा उंच, रंगीबेरंगी काउबॉय बुटांजवळ फोटो काढायला धावतात. मी म्हणते, आधी बुटांमागचं ते दगडी स्टेशन बघा. या गावात काउबॉय आला तो रेल्वेमुळे आणि त्याचा उत्सव झाला तोही रेल्वेमुळेच.

1867 च्या जुलैमध्ये युनियन पॅसिफिक या रेल्वे कंपनीचे मुख्य अभियंता ग्रेनव्हिल डॉज यांनी क्रो क्रीक या ओढ्याच्या काठी जागा मुक्रर केली. रूळ पोचायला नोव्हेंबर उजाडला. तोवर तंबू, फळकुटांची दुकानं आणि दारूचे गुत्ते यांचं गाव उभंही राहिलं होतं. (ज्या शायान या मूळनिवासी लोकांचं नाव गावाला दिलं, त्यांना इथून हुसकावलं गेलं. ते आज मुख्यतः मोंटानात आणि ओक्लाहोमात राहतात. हे मी प्रत्येक पाहुण्याला सांगते.)

रूळ पुढे सरकले की असली गावं बाडबिस्तरा गुंडाळून पुढच्या मुक्कामाला जायची. शायान जागचं हललं नाही, कारण पश्चिमेला शर्मन हिलचा चढ आहे. गाव सहा हजार फुटांवर, माथा सव्वाआठ हजारांच्या आसपास. चढाला जादा इंजिन लागतं, इंजिनाला शेड लागते, शेडला फिटर आणि फिटरला घर. मी कर्जतची. बाबांनी अर्धी नोकरी बोरघाटात गाडीला मागून रेटा देणाऱ्या बँकर इंजिनावर काढली, त्यामुळे हे मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

बाबा आले होते तेव्हा शायानच्या हॉलिडे पार्कमधलं ‘बिग बॉय’ 4004 त्यांना दाखवलं. 1940 च्या दशकातलं हे वाफेचं अजस्र धूड. पुढची चार चाकं, मग मोठी आठ, पुन्हा मोठी आठ, शेवटी चार, असं एकेक मोजत ते थबकले. “वळणावर हे वळतं कसं गं?” मग वाकवाकून पाहिलं आणि त्यांचं त्यांनाच उत्तर सापडलं: चौकट अखंड नाही, मध्ये सांधा आहे, पुढची आठ चाकं वेगळी वळतात. त्या दिवशी रोडिओचं, म्हणजे काउबॉयांच्या घोड्या-गुरांवरच्या खेळांचं, नाव काढायचीही कुणाची टाप नव्हती.

आता गुरं. रूळ टाकणारे मजूर आणि शेजारची लष्करी छावणी, या सगळ्यांना मांस हवं होतं. जॉन आयलिफ या गुरांच्या व्यापाऱ्याने टेक्सासहून आलेले कळप विकत घेऊन इथे बीफ पुरवलं आणि तो गबर झाला. पुढे हीच गुरं वॅगनीत भरून पूर्वेच्या बाजारात जाऊ लागली. कुरण सरकारी, चराई फुकट, मालकी ओळखायची ती फक्त कातड्यावर तापल्या लोखंडाने उमटवलेल्या डागावरून. स्कॉटलंड-इंग्लंडचा पैसा धो धो आला. 1880 मध्ये गुरांच्या श्रीमंत रँचमालकांनी शायान क्लब काढला. उंची वाइन, लॉन टेनिस, सगळा थाट.

1886 चा उन्हाळा कोरडा गेला, कुरणं आधीच ओरबाडलेली. हिवाळ्यात बर्फ पडला, थोडा वितळला आणि पुन्हा गोठून त्याची कडक साय धरली. गुरांना खालचं गवत मिळेना. काटेरी तारांशी अडून कळपच्या कळप मेले. बड्या कंपन्या बुडाल्या. जे तगले, ते गवत कापून गंजी रचायला शिकले.

उरलेल्या बड्यांची मग्रुरी मात्र गेली नाही. 1892 च्या एप्रिलमध्ये त्यांनी टेक्सासहून भाड्याचे बंदूकधारी आणले आणि खास आगगाडीने शायानमार्गे उत्तरेकडे रवाना केले. जॉन्सन काउंटीतल्या छोट्या गुरंवाल्यांना ‘चोर’ ठरवून संपवायचा बेत होता. त्या छोट्या गुरंवाल्यांपैकी नेट चॅम्पियनला या बंदूकधाऱ्यांनी मारलं. शिक्षा कुणालाच झाली नाही. गुंडगिरीच होती ती, मला दुसरा शब्द सुचत नाही.

आणि मग 1897. फ्रेडरिक अँजिएर हा युनियन पॅसिफिकचा प्रवासी-एजंट. रेल्वेला तिकिटं खपवायची होती. एका अडेल घोड्याला वॅगनीत चढवताना काउबॉयांची चाललेली झटापट पाहून त्याला कल्पना सुचली, असं सांगतात. त्या सप्टेंबरात पहिला ‘फ्रंटियर डेज’ हा काउबॉयांचा उत्सव झाला. खुल्या कुरणांचे दिवस सरलेच होते. गुराख्याचं रोजचं काम आता गॅलरीत बसून बघायचा खेळ झालं. तरी मी त्याला नाटक म्हणणार नाही. रिंगणात उतरणाऱ्यांपैकी कितीतरी जण आजही घरच्या रँचवर दोर फेकतच मोठे झालेले असतात.

1997 पासून वायोमिंगमध्ये प्रवासी गाडी नाही. स्टेशनात म्युझियम आहे, मागच्या यार्डात मालगाड्या मात्र दिवसरात्र चालू. उत्सव जुलैच्या अखेरीस असतो, दहा दिवस. स्टेशनसमोर फुकट पॅनकेकची न्याहारी मिळते, पीठ चक्क काँक्रीटच्या मिक्सरमध्ये घोळवतात. रांग मोठी असते, लवकर जा. खाऊन झालं की रोडिओच्या आधी म्युझियम गाठा आणि मग हॉलिडे पार्क.