डोणीला इंग्लंडमध्ये ट्रॉफ म्हणतात

इंग्लंडमध्ये गुरांच्या डोणीलाही कायदा लागू आहे. १९९९ सालच्या पाणीजोडणी नियमांप्रमाणे डोणीत पाणी सोडणाऱ्या नळीचं तोंड काठाच्या वर हवं, आणि किती वर तेही ठरवून दिलंय: किमान २० मिलिमीटर किंवा नळीच्या आतल्या व्यासाच्या दुप्पट, यातलं जे जास्त असेल ते. नळी आतून १५ मिलिमीटरची असली तर मध्ये ३० मिलिमीटर मोकळी हवा. दोन बोटांची फट. इथल्या सगळ्या नियमांत मला हा सर्वांत शहाणपणाचा वाटतो.

कारण साधं आहे. रस्त्यातली मुख्य जलवाहिनी फुटली किंवा आगीच्या बंबाने एकदम पाणी ओढलं, की दाब घटतो आणि तिला जोडलेली नळी उलटं पाणी ओढू लागते. तोंड पाण्यात बुडालेलं असेल तर गाईची लाळ, शेण, शेवाळ मागे जाऊन कुणाच्या तरी स्वयंपाकघरातल्या नळाला येतं. इथे धोक्यानुसार पाण्याच्या १ ते ५ प्रती केल्यात, पाचवी सर्वांत घातक. जनावराचं तोंड लागलेलं पाणी पाचव्या प्रतीचं, म्हणजे संडासाच्या भांड्यातल्या पाण्याच्या पंगतीला. त्यासाठी नुसता नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप, चालत नाही. त्यात वाळूचा एक कण अडकला की तो उघडाच राहतो, आणि बाहेरून कळतही नाही. मोकळ्या हवेत अडकायला काहीच नसतं.

बाकी डोण साधीच असते. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा, काँक्रीट नाहीतर प्लॅस्टिक. एका टोकाला झाकणाखाली बॉलकॉक, बुडाला बूच. नळी जमिनीत किमान ७५० मिलिमीटर खोल पुरतात, थंडीत गोठू नये म्हणून. तरी गोठतो तो जमिनीतून वर आलेला हातभर तुकडा, म्हणून त्याला जाड फोम गुंडाळतात. दुभती गाय दिवसाला ६० ते १०० लिटर पाणी पिते. त्यातलं बरंचसं धार काढल्यावर लगेच, आणि मिनिटाला १० लिटरहून जास्त वेगाने. त्यामुळे डोण केवढी यापेक्षा ती किती वेगाने भरते हे आधी बघावं लागतं. धार बारीक असली की पहिल्या दांडग्या गाई पिऊन जातात, मागच्या बुजऱ्या कोरड्या परततात आणि त्यांचं दूध घटतं. बॉलकॉकचा वायसर झिजला की पाणी काठावरून वाहतं, भोवती चिखल होतो आणि त्या चिखलात उभं राहून खुरांचे आजार होतात. म्हणून डोणीखाली आणि भोवती खडीचा नाहीतर काँक्रीटचा ओटा करतात. सफाईला बूच काढायचं, खरखरीत ब्रशने शेवाळ घासायचं, पुन्हा भरायचं.

आपल्या विहिरीकाठच्या दगडी डोणीला असलं काही लागलं नाही, असं कुणी म्हणेल. खरंच लागलं नाही. कळशीने ओतलेलं पाणी कळशीत उलटं जात नाही, तेव्हा आपली डोण कुणी न शिकवताच या नियमात बसत होती. अडचण नळाबरोबर आली. ठरावीक तास पाणी येतं, म्हणून रबरी पाईप पिंपाच्या तळापर्यंत सोडून आपण कामाला लागतो. पाणी गेलं की वाहिनी रिकामी होताना तोच पाईप पिंपातलं पाणी ओढून घेतो. वाडीत कुणी थेट नळाला मोटर लावली असेल तर आणखी जोराने. इलाज फुकटचा आहे: पाईप पिंपाच्या काठाला सुतळीने बांधा, तोंड काठापासून चार बोटं वर ठेवा. वरच्या टाकीत ओव्हरफ्लोचं भोक बॉलकॉकच्या तोंडाच्या खाली आहे ना, हे चवथीच्या साफसफाईत एकदा बघून घ्या.

लंडनमध्ये १८५९ साली लोकांना फुकट शुद्ध पाणी देण्यासाठी संस्था निघाली, आणि १८६७ मध्ये तिने गुरांच्या डोणीही आपल्या नावात घेतल्या. त्या ग्रॅनाइटच्या लांबलचक डोणी अजून रस्त्याकडेला दिसतात, बहुतेकांत आता फुलझाडं आहेत. शहराने मुक्या जनावराची तहान अशी दगडात कोरून ठेवली, याचं कौतुक वाटतं. आपल्याकडे त्या प्रत्येक विहिरीपाशी होत्या, फक्त त्यांवर नाव कोरलेलं नव्हतं.

उच्चाराचं सांगायला हवं. मराठी बातम्यांत ‘ट्रफ’ छापतात, पण तो ‘टफ’सारखा नाही, ‘कॉफ’सारखा: ट्रॉफ. पाण्याची डोण, चाऱ्याची गव्हाण, कणीक मळायची काठवट, खिडकीतली लांबट कुंडी, रुळांकडेचा केबल टाकायचा काँक्रीटचा पाट, सगळ्यांना हा एकच शब्द. आपल्याकडे प्रत्येकाला वेगळं नाव आहे. गोठ्यात तरी मराठी श्रीमंत. आणि शब्द परका नाहीच. संस्कृतात द्रु म्हणजे लाकूड, त्यावरून द्रोण, त्यावरून डोण आणि कोंकणीतली दोणी, म्हणजे होडी. इंग्रजी ट्रॉफ आणि झाडाचा ‘ट्री’ त्याच जुन्या मुळाचे. दोन्हीकडे मूळ वस्तू एकच, पोखरलेला ओंडका.

हवामानातला ट्रॉफ तोच आकार. कमी दाबाचं क्षेत्र नकाशावर बंद वर्तुळांचं, हंड्यासारखं. ट्रॉफ म्हणजे समदाब रेषांना पडलेला लांबट बाक, एका बाजूने उघडा, डोणीसारखा. हिंदी बातम्यांत त्याला द्रोणिका म्हणतात, मूळ शब्द जपून. मराठीत आपण ‘पट्टा’ म्हणून खोलपणा घालवला, याचं वाईट वाटतं. गोंयकारांनी दोन ट्रॉफ वेगळे ओळखावेत. मान्सूनचा मुख्य ट्रॉफ श्रीगंगानगरकडून बंगालच्या उपसागराकडे जातो. तो हिमालयाच्या पायथ्याला सरकला की देशाच्या मध्यभागात पाऊस उघडतो. आपल्याला झोडपतो तो दुसरा, गुजरातपासून केरळपर्यंत किनाऱ्याला समांतर, समुद्रावरचा. तो जोरात असला की मागून येणारे दमट वारे सह्याद्रीला अडून पेडण्यापासून काणकोणापर्यंत कोसळतात.

इस्पितळातला ट्रॉफ मात्र घरच्यांनी नीट समजून घ्यावा, विशेषतः मूत्रपिंड बदललेल्यांच्या. शरीराने नवं मूत्रपिंड नाकारू नये म्हणून देतात त्या टॅक्रोलिमससारख्या औषधाची रक्तातली सर्वांत खालची पातळी म्हणजे ट्रॉफ, आणि ती पुढची गोळी घेण्याच्या अगदी आधी मोजतात. गोळी १२ तासांनी असेल तर रात्री ९ ला घेतलेल्याचं रक्त सकाळी ९ च्या सुमारास. सवयीने सकाळची गोळी घेऊनच माणूस बाहेर पडतो, आकडा फुगून येतो, मात्रा विनाकारण कमी होते आणि नवं मूत्रपिंड धोक्यात येतं. म्हणून रात्री किती वाजता घेतली ते कागदावर लिहायचं, सकाळची गोळी डबीत घालून बरोबर न्यायची, आणि रक्त दिल्यावर तिथेच घ्यायची.