स्क्रीन, मग बाहेर, मग पुस्तक: या तिमाहीची नोंद

या तिमाहीत मला जास्तीचा वेळ कुठूनही मिळाला नाही. स्प्रिंट (सॉफ्टवेअरच्या कामाचे ठरावीक टप्पे) तेवढेच होते, ऑन-कॉलची, म्हणजे काही बिघडलं तर लगेच कामाला बसायची पाळीही नेहमीसारखीच आली. मी बदलला तो क्रम. पूर्वी लॅपटॉप मिटला की पुस्तक हातात यायचं आणि बाहेर पडणं शनिवार-रविवारवर जायचं. आता काम संपलं की आधी बाहेर, आणि परत आल्यावर पुस्तक. वाचन टिकायला लागलंय, बाहेर पाहिलेलंही जास्त कळतंय, म्हणून यावेळी जरा सविस्तर लिहिते.

क्रमाने एवढा फरक का पडावा, याचं एक कारण डोळ्यांत आहे. जवळचं पाहताना डोळ्यातला सिलिअरी स्नायू आकसलेला असतो. त्यामुळे भिंग फुगीर होतं आणि अक्षरं स्पष्ट दिसतात. साधारण ६ मीटरच्या पलीकडे नजर गेली की तो सैल पडतो. दिवसभर कोड वाचून लगेच पुस्तक उघडलं, तर त्या स्नायूला सुट्टी मिळतच नाही. कागद डोळ्यांना कितीही सुखाचा असला तरी अंतर हातभरच राहतं. दर २० मिनिटांनी २० सेकंद २० फुटांवर पाहायचा नियम आपल्या सगळ्यांना पाठ आहे, पण रिलीजच्या, म्हणजे नवी आवृत्ती बाहेर काढायच्या दिवशी तो पाळतं कोण? मग निदान काम आणि पुस्तक यांच्यामध्ये तरी लांबचं पाहणं यायला हवं.

दुसरं कारण लक्षाचं, आणि मला ते जास्त पटतं. रेचल आणि स्टीफन कॅप्लन या मानसशास्त्रज्ञांनी १९८९ मध्ये मांडलेल्या विचारानुसार, प्रयत्नाने एका जागी धरून ठेवलेलं लक्ष थकतं. ढगांची हालचाल, पानांची सळसळ अशा गोष्टींत मन आपोआप रमतं आणि तेवढ्यात त्या थकलेल्या लक्षाला विसावा मिळतो. डीबगिंगला, म्हणजे कोडमधल्या चुका शोधायला, लागतं ते लक्ष पहिल्या प्रकारचं. गंभीर पुस्तकालाही तेच लागतं. कामावरून थेट पुस्तकाकडे गेलं की तोच परिच्छेद तीनदा वाचावा लागतो, हा अनुभव इथे बहुतेकांना असेल. पुस्तक कंटाळवाणं आहे असं वाटून आपण ते बाजूला ठेवतो. माझी अशी बाजूला पडलेली काही पुस्तकं या तिमाहीत पूर्ण झाली, आणि त्यातली दोन तर फारच आवडली.

किती वेळ बाहेर राहायचं, यावर आपल्यात नेहमी चर्चा होते. इंग्लंडमधल्या सुमारे २० हजार लोकांच्या माहितीवर आधारलेल्या २०१९ च्या अभ्यासात, आठवड्याला १२० मिनिटं किंवा जास्त वेळ निसर्गात घालवणाऱ्यांमध्ये आरोग्य चांगलं असल्याचं सांगणारे अधिक आढळले. हा वेळ एकदम घालवला की तुकड्यातुकड्यांनी, याने फरक पडला नाही. यातून निसर्गामुळेच आरोग्य सुधारलं असं सिद्ध होत नाही, हे ध्यानात ठेवूनही तुकडे चालतात ही बाब माझ्यासारखीला धीर देणारी आहे. दिवस लहान झाले, की काम संपेपर्यंत अंधार पडतो. तेव्हा मी बाहेरचा वेळ दुपारच्या सुट्टीत घेते. ढगाळ दुपारीही बाहेर काही हजार लक्स (उजेड मोजायचं एकक) उजेड असतो, ऑफिसात जेमतेम ३०० ते ५००.

आता खरी प्रगती. लांबच्या वाटा सोडून मी एकच झाड धरलं. त्याच्या कोवळ्या फांदीवर मावा (झाडाचा रस शोषणारे बारीक किडे) पडला होता. मुंग्या मिशांनी माव्याला हलकेच थोपटतात आणि त्याच्या अंगातून येणारा गोड थेंब पितात, हे पुस्तकात वाचलेलं होतं. भिंग लावून पाहताना त्यातला धीमेपणा पहिल्यांदा कळला. काही दिवसांनी मावा खाणाऱ्या ढालकिड्याच्या (लेडीबर्डच्या) अळ्या आल्या. मुंग्यांची वर्दळ होती त्या फांदीवर त्यांना शिरता येईना, शेजारच्या फांदीवरचा मावा मात्र त्यांनी भराभर संपवला. त्या रात्री मी माव्यावरचं प्रकरण पुन्हा काढलं. माव्याची मादी नराशिवाय जिवंत पिल्लं घालते, आणि जन्माला येणाऱ्या पिल्लाच्या पोटात पुढच्या पिढीचे भ्रूण आधीच वाढत असतात. फांदी अशी बघता बघता भरून कशी गेली, याचं उत्तर त्या एका वाक्यात होतं. गर्दी वाढली की पंखवाले मावे तयार होतात हेही तिथेच वाचलं, आणि दुसऱ्या दिवशी ते शोधायलाच गेले. सापडले!

तेव्हापासून पुढचं पुस्तक झाडाखाली पडलेला प्रश्न ठरवतो. वर्षाला अमुक इतकी पुस्तकं हे उद्दिष्ट मी काढून टाकलंय. वहीत तारीख, काय दिसलं, काय कळलं नाही, एवढंच लिहिते. तिसरा रकाना हीच माझी वाचनयादी.

ऑन-कॉलच्या आठवड्यात हे कसं जमवतेस, असं अनेकांनी विचारलं होतं. त्या आठवड्यात हेच झाड कामी येतं, कारण लॅपटॉपपर्यंत चटकन परतता येतं. वाचायला कादंबरी घेत नाही, लेख किंवा छोटी प्रकरणं घेते; अलर्ट आला तरी धागा तुटत नाही. फोनचा आवाज चालू ठेवते, बाकीच्या सूचना मात्र पूर्ण बंद.

साधनांविषयी थोडक्यात. बाहेर ऑडिओबुक नाही, कारण अर्धे पक्षी आधी कानांनाच सापडतात. पक्षी ओळखणारं मर्लिन ॲप आवाजाचा स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे चित्ररूप आलेख, बनवून त्या चित्रातला आकृतिबंध ओळखतं, त्यामुळे पडद्यावर तो आलेख सरकताना पाहणं हाही अभ्यासच आहे. तरी त्याने सुचवलेलं नाव पक्षी स्वतः पाहिल्या-ऐकल्याशिवाय मी नोंदवत नाही. ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर एका जागी थांबून केलेली पूर्ण यादी टाकते. ओळखता आलेले सगळे पक्षी लिहिले तरच काय दिसलं नाही, हेही त्या माहितीतून काढता येतं. कीटकांचे फोटो आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर. ई-इंक रीडर उन्हातही वाचता येतो, कारण त्याचा पडदा कागदासारखा बाहेरच्या उजेडाने दिसतो. पण झाडाखाली मी तो उघडत नाही. तिथे पाहायचं.

पुढच्या तिमाहीत त्याच झाडाच्या खोडावरची दगडफुलं घेणार आहे. बुरशी आणि शैवाल यांच्या या सहजीवनावर वाचन सुरू केलंय, १० पट मोठं दाखवणारं भिंगही आहे. अडचण मोजमापाची आहे: अनेक जातींची वाढ वर्षाला काही मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी असते. शेजारी पट्टी धरून, ठरावीक अंतरावरून दर महिन्याला फोटो काढायचा विचार आहे. कुणी अशा नोंदी ठेवत असाल, तर खोडाच्या गोलाईमुळे मापात येणारा फरक कसा सांभाळता, ते जरूर सांगा.